चार दारांची चार मापं

जुन्या मोटारीत लाकूड असतं असं कुणाला सांगितलं की त्याची नजर आधी स्टीअरिंगवर जाते, मग डॅशबोर्डवर. दाराकडं कुणी बघत नाही. बघितलं तरी दिसणार काय? बाहेरून पत्रा, आतून कापड नाहीतर रेक्झिन. थाप मारली तरी आवाज पत्र्याचाच. पण १९२९ सालच्या शेव्हरलेट सेडानचा पत्रा सोलून काढला तर आत अख्खं सुतारकाम उभं असतं. तळाच्या पाट्या, खांब, छताच्या कमानी, खिडक्यांखालच्या आडव्या पट्ट्या आणि चार दारांच्या चार चौकटी. पत्रा या सांगाड्यावर चढवलेला, कडेनं दुमडलेला आणि बारीक खिळ्यांनी ठोकलेला. खाली चासी, इंजिन, स्प्रिंगा ही सगळी लोखंडी मंडळी. वरचा मजला मात्र बग्ग्या बनवणाऱ्यांच्या विद्येचा.

ती विद्या खरोखरच तिथून आली होती. शेव्हरलेटच्या बॉड्या बनवायची ती फिशर बॉडी कंपनी, आणि फिशर बंधूंचे वडील ओहायोतल्या नॉरवॉक गावात लोहारकाम आणि बग्ग्यांचं दुकान चालवत. १९०८ मध्ये डेट्रॉइटला कंपनी निघाली. १९१९ मध्ये जनरल मोटर्सनं तिचा ६० टक्के हिस्सा घेतला, १९२६ मध्ये उरलेलाही घेतला. मोटारींचा एवढा मोठा कारखाना झाला तरी त्यांचं चिन्ह होतं एक राजेशाही बग्गी.

पूर्ण पोलादी बॉडी तेव्हा कुणाला माहीत नव्हती अशातला भाग नाही. फिलाडेल्फियाचा एडवर्ड बड १९१४ पासूनच डॉज कंपनीला तशा बॉड्या पुरवत होता. फिशरवाल्यांचं म्हणणं असं की नुसता पत्रा वाजतो, नुसतं लाकूड खिळखिळं होतं, दोन्ही एकमेकांना धरून राहिले की गाडी शांत चालते. जाहिरातीत हे शोभून दिसायचं. शिवाय एक रोकडं कारणही होतं. अख्खी बॉडी पोलादात दाबायची तर अवाढव्य डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे साचे, लागतात, आणि दर वर्षी गाडीचं रूप बदलायचं तर त्या डाय दर वर्षी नव्या करायला लागतात. लाकडाला करवत आणि रंधा पुरतो. १९३५ च्या मॉडेलांना पोलादी छत आलं, १९३७ च्या शेव्हरलेटची बॉडी पूर्ण पोलादी झाली आणि हा जमाना संपला.

आपल्याकडे ही गाडी आली ती मुंबईच्या शिवडीतून. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये तिथं जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून बोटीनं यायचे आणि शिवडीत गाडी उभी राहायची. १९२९ चं मॉडेल म्हणजे शेव्हरलेटचं पहिलं सहा सिलिंडरचं यशस्वी इंजिन, १९४ घनइंची, म्हणजे जवळपास ३.२ लिटरचं, ४६ अश्वशक्तीचं. चार सिलिंडरच्या भावात सहा सिलिंडर, असा त्यांचा दावा होता. इंजिन भलतं चिवट निघालं. आजही ते दुरुस्त होतं, सुटे भाग मिळतात, नाही मिळाले तर कोल्हापुरात कुणीतरी ओतून देतो. प्रश्न इंजिनाचा नसतोच. अमेरिकेत वाळवलेल्या ॲश, मेपल, एल्मसारख्या लाकडाचा हा सांगाडा आणून आपण राधानगरीच्या पावसात उभा केला, तिथं खरी गंमत सुरू होते.

माझ्या मित्राची गाडी त्या बाजूचीच. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी सांभाळलेली आणि मग गोठ्यालगतच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी राहिलेली. मी फाउंड्रीसाठी, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यासाठी, ड्रॉइंगं करणारा माणूस. मोटारींचा नाद मला कागदापुरता होता. मित्र म्हणाला, ‘भावा, इंजिनाचं मी बघतो, दारांचं तेवढं तू बघ.’ दारांचं बघायला मला सुतार पाहिजे होता. फर्निचरवाल्या सुतारानं गाडी बघून सरळ हात जोडले. ‘ह्यात एक बी काटकोन न्हाई,’ तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं.

शेवटी गाडी पोहोचली कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पॅटर्न मिस्त्रींकडं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लोखंडाचं ओतकाम करायचं तर आधी वाळूत त्या वस्तूचा ठसा उमटवावा लागतो, आणि ठशासाठी हुबेहूब लाकडी नमुना लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. आणि त्याच्या उभ्या बाजू किंचित निमुळत्या ठेवायच्या, नाहीतर तो बाहेर ओढताना वाळूच्या कडा घेऊनच येतो. या निमुळतेपणाला फाउंड्रीत ड्राफ्ट म्हणतात. म्हणजे हा असा सुतार, ज्याला वस्तू जेवढी दिसते तेवढंच तिच्याभोवतीचं रिकामं भोकही दिसतं. हल्ली ही कामं कॉम्प्युटरवर आणि सीएनसीवर होतात. मिस्त्रींकडं काम कमी आणि वेळ जास्त, एवढ्याच कारणानं ते आमच्या वाट्याला आले, नाहीतर त्यांनी असल्या भानगडीत हात घातला नसता. हे त्यांनीच सांगितलं, आणि पुढं ज्या ज्या दिवशी काम अडलं त्या त्या दिवशी परत परत सांगितलं.

पहिलं दार सोलायला घेतलं ते पुढचं डावं. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. कडेची दुमड सपाट बोथट पट्टीनं थोडी थोडी उचलत सगळ्या बाजूंनी फिरायचं. एकाच जागी जोर केला की जुना पत्रा चिरतो, आणि उघडलेली दुमड पुन्हा पुन्हा मिटवली-उघडली तरी चिरतो. खिळे गंजून लाकडात विरघळल्यासारखे झाले होते, आणि प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळं पडून ठिसूळ झालं होतं. बोटानं दाबलं की भुगा. लोखंड गंजतं आणि जाताना आजूबाजूचं लाकूडही बरोबर नेतं.

तळाची पट्टी तर नव्हतीच. तिच्या जागी वाळवीची माती होती आणि ती पट्टीच्या आकारातच उभी होती. दार नेहमी खालून कुजतं, कारण पाणी वरून येतं. खिडकीची काच जिथून खाली सरकते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच. ते कुणालाच पूर्ण थांबवता आलेलं नाही, आजच्या गाड्यांतही नाही. म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. ती धुळीनं आणि पालापाचोळ्यानं बुजली की पाणी लाकडात आणि पत्र्याच्या दुमडीत मुरत बसतं. मग लाकूड वरून कुजतं, पत्रा आतून गंजतो. आपल्याकडे मोटारी धुवायची हौस फार, पण दाराखालच्या भोकात काडी घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दाराच्या पोटात नव्वद वर्षांची डागडुजी सापडली. एका कोपऱ्याला रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पट्टी मारलेली. बिजागरीखाली चपलेच्या चामड्याचे तुकडे, एकावर एक, दार वर उचलण्यासाठी. खालच्या कडेला रंध्याच्या खुणा: कुणीतरी पावसाळ्यात फुगलेलं दार तासलं होतं, आणि मग उन्हाळ्यात पडलेली फट बुजवायला त्याच कडेवर फेल्टची पट्टी चिकटवली होती. आणि कुलपाकडचा अख्खा खांब कुणीतरी बदललेला. तो बाभळीचा होता. गावातल्या बैलगाड्या करणाऱ्या सुताराचंच काम असणार ते. वाकसानं घडवलेला, आतल्या बाजूला रंधाही न फिरवलेला, पण कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची टोकं, असे घट्ट की सोडवताना घाम निघाला. अख्ख्या दारात शाबूत राहिलेलं लाकूड तेवढंच. मिस्त्रींनी तो खांब उलटापालटा करून बघितला आणि खिडकीत नीट उभा करून ठेवला. ‘ह्यो कामाचा गडी हुता,’ म्हणाले. खांबाविषयी की सुताराविषयी, मी विचारलं नाही.

आता नवीन चौकट करायची, पण माप कशाचं घ्यायचं? कुजलेल्या दाराचं? ते तासलेलं, पॅकिंग घातलेलं, खाली लोंबलेलं. तुटलेले तुकडे पातळ गोंद पाजून कडक करून मापं काढता येतात, ती आम्ही काढलीही. पण ती मापं अशा दाराची, जे आयुष्यभर खाली खाली येत गेलं. मग शाबूत बाजूच्या दाराचं माप घेऊन आरशासारखं उलटवायचं? कागदावर हे फार देखणं दिसतं. मी उजव्या दाराचं ड्रॉइंग केलं, उलटवलं आणि डाव्या भोकावर धरलं. खिडकीखालच्या पट्टीपाशी सहा मिलिमीटरचा फरक. सहा मिलिमीटर म्हणजे दाराभोवतीच्या अख्ख्या फटीपेक्षाही जास्त. अमेरिकेत या मॉडेलांच्या लाकडाचे तयार संच विकत मिळतात, पण तो संच सरळ गाडीला बसेल. आमची गाडी सरळ नव्हती, आणि शिवडीतून निघाली त्या दिवशी तरी होती का याची मला शंका आहे, कारण तेव्हा प्रत्येक दार ज्या त्या भोकात हातानं घासून बसवलं जाई. डाव्या-उजव्याचा हिशोब कुणी ठेवत नसे.

मित्राला हे पटेना. दोन्ही बाजू सारख्या दिसायला पाहिजेत असा त्याचा हट्ट. मिस्त्रींनी त्याला गाडीच्या डाव्या अंगाला उभं केलं आणि विचारलं, ‘उजवी बाजू दिसत्या काय?’

नाही म्हणाला.

‘मग?’

तर माप घ्यायचं ते भोकाचं. पण भोक तरी खरं बोलतंय का, हे आधी तपासावं लागतं, आणि या कामाचा निम्मा वेळ मला वाटतं तिथंच जातो. बॉडी चासीवर बोल्टांनी बसलेली असते, आणि प्रत्येक बोल्टापाशी मध्ये पॅकिंगचे तुकडे असतात. ते तुकडे चेपले, कुजले किंवा कुणी काढून टाकले की बॉडी तेवढी खाली बसते आणि दाराचं चौकोनी भोक तिरकं होतं. आम्ही गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी केली आणि प्रत्येक भोकाचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजले. पुढच्या उजव्या भोकाचा एक कर्ण चांगलाच जास्त भरला. खांबाखालचं पॅकिंग वाढवत गेलो तसतसा तो खाली आला. दार अजून बनलेलंच नव्हतं, आणि त्याचं लोंबणं निम्मं दुरुस्त झालं होतं. जुनी गाडी उभी करणाऱ्या पुष्कळ लोकांना मी आधी सुंदर दार बनवताना आणि मग ते बसवण्यासाठी गाडी वाकवताना पाहिलं आहे. पत्र्याच्या कामाला भरपूर पैसे मोजतात, चासीच्या बोल्टाखाली वाकून बघत नाहीत.

भोकं सरळ झाल्यावर आतून-बाहेरून तिरक्या पट्ट्या मारून ती आवळून टाकली, आणि मग प्लायवूडचे साचे कापले. दाराला तीन तऱ्हेचे बाक असतात. खालून वर जाताना ते आत झुकतं, पुढून मागं जाताना बाहेर फुगतं, आणि गाडी पुढं निमुळती असल्यामुळे जरा पिळलेलंही असतं. हे तिन्ही बाक एका सपाट ड्रॉइंगमध्ये मावत नाहीत. माझ्या ड्रॉइंगची किंमत इथून पुढं मिस्त्रींच्या चहाच्या कपाखालच्या कागदाएवढी राहिली, आणि ते ठीकच झालं.

मग लाकूड. मूळचं अमेरिकन ॲश आपल्याकडे उगवत नाही. त्याचे धागे लांब आणि सरळ, धक्का खाऊन परत जागेवर येणारे. म्हणून तिकडं कुऱ्हाडीचे दांडे आणि बग्ग्या त्याच्या. आपल्याकडे त्याच कामाला बाभूळ, धावडा, तिवस. आणि घराच्या दाराला साग. बैलगाडी करणारा सुतार आणि दरवाजे करणारा सुतार, दोघांची लाकडं वेगळी, आणि मोटारीचं दार बरोबर दोघांच्या मधलं. त्याला गाडीसारखे धक्के खायचे आहेत आणि दारासारखं मापात राहायचं आहे. बाभूळ धक्क्याला भारी, पण जड, आणि नीट वाळलेली मिळणं कठीण. साग पावसाळ्यात कमी फुगतो, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही, पण धक्क्यापुढं बाभळीएवढा चिवट नाही. जाणकारांच्या मंडळात यावर वाद होतात. काही जण परदेशातून ॲशच मागवतात. मला ते पटत नाही. ॲश तिथं होतं कारण ते तिथल्या सुताराच्या हाताशी होतं. आमच्या चौकटी सागाच्या झाल्या, पाडलेल्या वाड्याच्या तुळयांमधून वखारीतून आणलेल्या. कुलपाकडच्या खांबात जिथं दार आपटतं, तिथं बाभळीची पट्टी बसवली. ती सूचना माझी नाही. खिडकीत उभ्या असलेल्या त्या जुन्या खांबाची.

जुना साग घेताना लोहचुंबक बरोबर न्यावं. तुळईत मोडलेला खिळा राहिलेला असतो आणि तो करवतीच्या पात्याला सापडतो, आपल्याला नाही. शिवाय सागाला नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे गोंद धरत नाही. चिकटवायच्या आधी ताज्या रंधलेल्या तोंडावर थिनरचं फडकं फिरवावं लागतं. वक्र खांब एका फळीतून कापला तर बाकापाशी धागे आडवे कापले जातात आणि दार तिथंच मोडतं. डाव्या मागच्या दाराचा जुना खांब नेमका तसाच मोडला होता. म्हणून मिस्त्रींनी ते खांब पातळ पट्ट्या साच्यात वाकवून, एकावर एक चिकटवून केले. धागा बाकाबरोबर वळतो. पॅटर्नवाल्यांना तुकडे जोडून आकार करायची सवयच असते.

सगळ्यात मजा आली ती कडेच्या उतारात. दार बंद असताना कुलपाकडची कड भोकात छान बसते. उघडायला गेलं की आतला कोपरा अडकतो. कारण साधं आहे. बिजागरीची पिन बाहेरच्या अंगाला असते. दार ७०० मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर जाड धरलं, तर बाहेरचा कोपरा पिनेपासून ७०० वर, पण आतला कोपरा कर्णावर, म्हणजे ७०१.४ वर. उघडताना त्याला दीड मिलिमीटर जास्त जागा पाहिजे. पिन पत्र्याच्याही बाहेर असली तर आणखी जास्त. तेव्हा कड चौरस ठेवून चालत नाही, आतल्या बाजूला उतरती करावी लागते, आणि खांबाचा बाक जसा बदलेल तसा हा उतारही वरून खाली बदलत जातो. मी हे सगळं गणित करून मोठ्या उत्साहानं मिस्त्रींसमोर ठेवलं. त्यांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘म्हंजे ड्राफ्ट द्यायचा.’ वाळूतून पॅटर्न निघावा म्हणून जे चाळीस वर्षं केलं तेच. फाउंड्रीचं काम करूनही मला ते दिसलं नव्हतं. दिसलं ते त्यांच्या पटाशीला.

बिजागऱ्यांचंही असंच एक शास्त्र आहे. खांब वक्र आणि बिजागऱ्या त्या खांबावर. पण सगळ्यांच्या पिना मात्र एका सरळ रेषेत आल्या पाहिजेत. नाही आल्या तर दार फिरताना एक बिजागरी दुसरीला ओढते, आणि स्क्रू आज नाही तर वर्षानं ढिले होतात. मग लोक मोठे स्क्रू घालतात, मग आणखी मोठे. उपाय असा की बिजागऱ्यांच्या पिना काढायच्या, सगळ्यांतून एकच लांब सरळ सळई घालायची, आणि ती सळई मोकळी फिरेपर्यंत खांबावरच्या खाचा कमी-जास्त करत राहायचं. वेळ जातो. मित्र मध्ये मध्ये येऊन ‘झालं काय दार?’ विचारायचा, आणि त्याला दिसायची ती रिकाम्या चौकटीत उभी एक सळई.

पत्रा चढवायच्या आधी उघडी चौकट गाडीवर टांगून बघायची असते. उघडी चौकट हातात घेतली तर लवचिक वाटते, कोपरे पकडून दाबलं तर तिरकी होते. माणूस घाबरतो. तिच्या मधोमध काहीही घालता येत नाही कारण काच तिथून खाली उतरते, आणि त्या काळातली काच जाड आणि जड. सगळा भार चार कोपऱ्यांच्या सांध्यांवर. पण पत्रा चढला की तोच पत्रा कर्णाचं काम करतो आणि चौकट ताठ होते. फिशरवाल्यांची जाहिरात या एका मुद्द्यावर शंभर टक्के खरी होती. म्हणूनच पत्रा चढवताना चौकट ज्या आकारात असेल त्याच आकारात ती कायमची अडकते. कामाच्या टेबलावर ठेवून पत्रा ठोकला आणि चौकट दोन मिलिमीटर तिरकी होती, तर ती जन्मभर तिरकी. आम्ही पत्रा गाडीवरच, भोकात फळकुटं घालून फट सगळीकडं सारखी ठेवून, मग कोपऱ्यांपासून मध्याकडं दुमडत आणला. पत्र्याचं काम करणारा डेंटर तरुण पोरगा होता, आधी कुरकुरला, उभ्यानं ठोकायची त्याला सवय नव्हती. पण हात सुरेख. डॉली, म्हणजे पत्र्यामागं टेकवायचा लोखंडी ठोकळा, आत धरून हातोडी इतकी हलकी मारायचा की दुमड ठोकलेली न वाटता आपोआप मिटल्यासारखी वाटायची. खिळ्यांच्या जागी आम्ही बारीक पितळी स्क्रू वापरले. आत काळं पडलेलं लाकूड बघितल्यावर लोखंडी खिळा ठोकायची हिंमत कुणाला होणार?

फट किती ठेवायची, यावर प्रत्येक गॅरेजचं एक मत असतं. आम्ही चार मिलिमीटर ठेवली आणि मित्राला ती जास्त वाटली. पण तिच्या दोन्ही कडांना अजून प्रायमर, पुट्टी आणि रंगाचे थर चढायचे असतात. लाकडावर तंतोतंत बसवलेलं दार रंगानंतर घासतं, आणि मग नवा रंग कडेनं उडतो. रंग लागल्यावर तीच फट डोळ्याला बरोबर दिसू लागली.

शेवटची परीक्षा जॅकची. चारही दारं लावून, बंद करून, एका मागच्या चाकाखाली जॅक लावायचा आणि हळूहळू उचलायचं. शिडीसारखी ती चासी पिळते, तिच्याबरोबर बॉडी पिळते, आणि दारांच्या फटी डोळ्यांदेखत बदलतात, एकीकडं मिटत जातात, दुसरीकडं उघडतात. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो. पण या गाड्या अशाच चालायच्या. खडीच्या रस्त्यावर बॉडीनं थोडं हलणं हिशेबात धरलेलं होतं. म्हणून तर सांधे लाकडाचे. आमचं मागचं डावं दार जॅकवर घासलं. मिस्त्रींनी खडूनं खूण केली, गाडी खाली घेतली आणि तेवढ्याच जागेवर पटाशी फिरवली.

हे सगळं चालू असताना एक कायद्याचा कागदही फिरत होता. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली वाहनं, मूळ रूपातली, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मित्राला धास्ती लागली की दारांची चारही लाकडं बदलली तर गाडी मूळ रूपातली राहिली का? नियम गाडीचं रूप सांभाळायला आहेत आणि आम्ही तेच करत होतो, पण त्या निमित्तानं त्यानं विचारलेला प्रश्न मला आवडला. माझं उत्तर त्या बाभळीच्या खांबापाशी येऊन थांबतं. तो बसवला तेव्हाच गाडी शंभर टक्के अमेरिकन राहिली नव्हती, आणि त्याच्यामुळेच ती आमच्यापर्यंत पोहोचली. म्हणून आम्ही लाकूड ॲशसारखं रंगवलं नाही, जुनं भासवलं नाही. पत्रा चढवण्याआधी प्रत्येक तळपट्टीवर पेन्सिलीनं साल, लाकडाची जात आणि ‘कोल्हापूर’ लिहिलं. पुढच्या वेळी जो कुणी पत्रा सोलेल त्याला अंदाज बांधत बसायला नको. निचऱ्याची भोकं मात्र मुळापेक्षा मोठी केली. एवढा फेरबदल सरकारनं माफ करावा.

पहिला पावसाळा दारांनी काढला. तीन दारं जशी होती तशी. मागचं डावं, जे जॅकवर घासलं होतं तेच, जुलैत जड झालं. सागही थोडा फुगतोच, आणि त्या दाराची फट मुळात कमी होती. मित्राला ताकीद दिली आहे: पावसाळ्यात ते जरा ओढून लावायचं, भोकात काडी फिरवून पाणी निघतंय का बघायचं, आणि रंधा दिवाळीपर्यंत कपाटात. आत्ता तासलं तर मार्चमध्ये तिथून वारं येईल आणि फेल्टच्या पट्टीचा जुना खेळ पुन्हा सुरू होईल. तरी त्यानं परवा फोन करून विचारलंच, ‘भावा, जरा कानस मारू काय?’ मिस्त्री शेजारीच होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, आणि पुढचं सगळं बोलणं अस्सल कोल्हापुरीत झालं. त्यातलं एकही वाक्य इथं लिहिण्याजोगं नाही.